सर्व्हेवाले दरवेळी वेगळ्याच घरात जातात. मग कोण वर आलं, कोण खाली गेलं हे कळणार कसं?

सोलापूर-अकोल्याच्या चार गावांतल्या वह्यांनी जगाला शेतकऱ्याचा हिशेब शिकवला. आता उत्पन्नाची मोजणी देशभर होणार, तेव्हा त्या वह्या पुन्हा उघडून बघायला हव्यात.

"महिन्याचं उत्पन्न किती?" असा प्रश्न कोणी दारात येऊन विचारला, की गावाकडचा माणूस आधी इकडेतिकडे बघतो. खरं सांगितलं तर रेशन कार्ड जाईल का? कमी सांगितलं तर शेजारी हसेल का? जास्त सांगितलं तर योजनेतून नाव कटेल का? मग तो अंदाजाने एक आकडा ठोकून देतो. टॅबवाला तो भरतो आणि पुढच्या घरी जातो. पुढे दिल्लीत त्या आकड्याचं काय होतं, हे ना त्या घराला कळतं ना गावाला.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की फेब्रुवारी २०२६ पासून देशभर घरगुती उत्पन्नाचं सर्वेक्षण सुरू करण्याचं केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यासाठी अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. खर्चाचे सर्व्हे आपल्याकडे १९५० पासून होत आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हापासून घरात किती धान्य, किती तेल, किती कापड लागतं हे विचारलं जातं. उत्पन्न मोजायचा प्रयत्न मात्र १९५० आणि १९६० च्या दशकात करून सोडून द्यावा लागला. कारण साधं होतं. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत होतं.

म्हणजे प्रश्न नुसता विचारून भागत नाही. कोणाला विचारला, कितीदा विचारला आणि पुन्हा त्याच घरी गेलात का, यावर सगळं अवलंबून असतं. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, आणि त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

दरवेळी दुसरंच घर

सरकारचा खर्चाचा सर्व्हे २०२२-२३ मध्ये झाला, त्यात देशातल्या २ लाख ६१ हजारांवर घरांना विचारलं. ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. त्याआधी २०११-१२ मध्ये तो १,४३० रुपये होता. २०२३-२४ मध्ये ४,१२२ झाला. मधे २०१७-१८ चाही एक सर्व्हे झाला होता, पण त्याच्या आकड्यांच्या दर्जावर शंका घेऊन सरकारने तो प्रसिद्धच केला नाही. त्यामुळे अकरा वर्षांची मोठी फट पडली.

१,४३० वरून ३,७७३ हा आकडा वाचून बरं वाटतं. पण त्यात महागाई मिसळलेली आहे. मधल्या काळात मोजायची पद्धतही बदलली. आधी एकाच भेटीत सगळं विचारायचे, नव्या पद्धतीत एका घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जातात. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवावेत की नाही, यावर तज्ज्ञांतच वाद आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. २०११-१२ ला ज्या घरांना विचारलं, त्याच घरांना २०२२-२३ ला विचारलेलं नाही. गावंही नवी आणि घरंही नवी. म्हणजे हा देशाचा फोटो आहे. दहा वर्षांनी दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटोंत गर्दी दिसते, पण पहिल्या फोटोतला माणूस दुसऱ्यात कुठे गेला हे दिसत नाही.

एक साधा हिशेब करून बघू. समजा, एका गावात १०० घरं आहेत. पहिल्या सर्व्हेत ३० घरं गरीब निघाली. दहा वर्षांनी २० निघाली. बातमी येते, "गरिबी घटली." ती खोटी नाही. पण हे दोन प्रकारे घडू शकतं.

पहिला प्रकार: ३० पैकी १० घरं वर आली आणि उरलेली २० तिथंच अडकून राहिली.

दुसरा प्रकार: ३० पैकी २५ घरं वर आली, ५ अडकली, आणि जी ७० घरं बरी होती त्यातली १५ खाली घसरली. पाच आणि पंधरा मिळून पुन्हा २०.

फोटोत दोन्ही गावं सारखीच दिसतील. पण दोघांचं दुखणं वेगळं आहे. पहिल्या गावात २० घरांना कायमचा आधार हवा. जमीन, धान्य, पेन्शन, हाताला काम असं काहीतरी. दुसऱ्या गावात माणसं स्वतःच वर येतायत, पण दवाखान्याचं बिल, वाया गेलेला हंगाम, मेलेलं जनावर, सावकाराचं व्याज त्यांना परत खाली ओढतंय. तिथे घसरण थांबवणारी योजना हवी. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

हा फरक कळायचा एकच रस्ता आहे. त्याच घरी पुन्हा जायचं. वर्षानुवर्षं जायचं. आणि हे काम भारतात सगळ्यात चिकाटीने जिथे झालं, त्यातली चार गावं महाराष्ट्रातली आहेत.

१९७५: दुष्काळानंतरची वही

१९७२ चा दुष्काळ अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. सुकडी, खडी फोडायची कामं, चारा छावण्या. त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. कोरडवाहू पट्ट्यातल्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग या पिकांवर काम करायला. बियाणं सुधारायचं तर ते पेरणारा माणूस कसा विचार करतो हेही कळायला हवं, असं तिथल्या अर्थतज्ज्ञांना वाटलं. म्हणून १९७५ मध्ये त्यांनी सहा गावं निवडली.

सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण. अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. आणि तेव्हाच्या आंध्रातल्या, आजच्या तेलंगणातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि दोकूर. सोलापूरची गावं खोल काळ्या जमिनीची, पावसाचा भरवसा नाही, भिस्त रब्बी ज्वारीवर. अकोल्याकडे पाऊस त्या मानाने बरा, पीक कापसाचं. महबूबनगरकडे हलकी तांबडी जमीन, ज्वारी, एरंडी आणि जिथे पाणी तिथे भात.

प्रत्येक गावात ४० घरं घेतली. १० भूमिहीन मजुरांची, १० लहान शेतकऱ्यांची, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती घेणारा माणूस शहरातून जीपने येऊन संध्याकाळी परत जाणारा नव्हता. ग्रामीण भागातला, शिकलेला, तिथली भाषा येणारा माणूस गावातच मुक्काम ठोकून राहायचा. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच ४० घरांत जायचा. कुठल्या वावरात काय पेरलं, किती बी लागलं, घरचे किती राबले, मजूर किती लावले, बैल किती दिवस चालले, काय विकलं, काय उसनं आणलं, कोणाचं किती देणं झालं. सगळं वहीत.

वर्षातून एकदा "औंदा उत्पन्न किती झालं?" असं विचारलं तर कोणालाच नीट सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात पगार येत नाही. पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि येण्याआधीच अर्धा गेलेला असतो. पण "गेल्या पौर्णिमेपासून काय विकलं?" असं विचारलं तर आठवतं. तीन-चार आठवड्यांची फेरी म्हणूनच होती.

यातल्या शिरापूर, कंझरा आणि औरेपल्ली या तीन गावांत हे काम सलग दहा वर्षं चाललं. पुढे खंड पडला, मग २००० नंतर पुन्हा सुरू झालं. २००९ पासून त्याचा विस्तार होऊन भारतातली ३० आणि बांगलादेशातली १२ अशी ४२ गावं झाली.

वह्यांतून काय निघालं

या वह्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं. थॉमस वॉकर आणि जेम्स रायन यांनी त्यावर १९९० मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. शिरापूर आणि कंझरा ही नावं परदेशातल्या विद्यापीठांत शिकवली जातात, आपल्याकडे शेजारच्या तालुक्यालाही हे माहीत नसतं. निघालेल्या गोष्टींतल्या काही अशा:

पहिली, भित्रेपणाची. "लहान शेतकरी नवीन बियाणं घेत नाही, खत टाकत नाही, कारण तो घाबरट आहे," असं तेव्हा साहेबलोक सर्रास म्हणायचे. हान्स बिन्सवँगर या अभ्यासकाने ते तपासायला खऱ्या पैशांचा खेळ मांडला. नाणं फेकायचं. एक पर्याय असा की छापा पडो की काटा, ठरलेले ५० रुपये मिळणारच. दुसऱ्या टोकाचा पर्याय असा की पडलं तर २०० रुपये, नाही तर शून्य. मधे कमीजास्त जोखमीचे पर्याय. त्या काळी ५० रुपये म्हणजे मजुराची बऱ्याच दिवसांची कमाई. १९८० मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. रक्कम मोठी झाली की गरीब काय आणि जमीनदार काय, बहुतेक सगळेच सावध होतात, आणि साधारण सारखेच सावध होतात. मग मोठा शेतकरी खत टाकतो आणि लहान टाकत नाही, ते का? स्वभावामुळे नाही. एकाच्या हातात पैसा आणि उधारी असते, दुसऱ्याच्या नसते म्हणून. दोष माणसात नाही, कर्ज मिळण्याच्या व्यवस्थेत आहे, हे त्या खेळाने दाखवलं.

दुसरी, बैलांची. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोलपिन यांनी १९९३ मध्ये याच वह्यांतून दाखवलं की वाईट वर्षी घर चालवायला शेतकरी बैल विकतो. खायची सोय होते, पण पुढच्या हंगामाला नांगर कोण ओढणार? म्हणजे दुष्काळ एका वर्षाचा, पण त्याची किंमत पुढची दोन-तीन वर्षं फेडायची. बाजारात पडेल भावात जनावर सोडून आलेल्याला हे कोणी सांगायला नको. पण सरकारी कागदावर ते तेव्हाच येतं, जेव्हा त्याच घराची सलग वर्षांची नोंद असते. आज बैलांच्या जागी शेळी, गाय, सोनं किंवा अर्धा एकर रान ठेवा, हिशेब तोच राहतो.

तिसरी, सोयरिकीची. लेक लांब का देतात? रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये मांडलं की ज्या घरांची शेतीची कमाई जास्त हेलकावे खाते, ती घरं सोयरीक लांब करतात. एका पट्ट्यात पाऊस हुकला तरी दुसऱ्या पट्ट्यात पडलेला असतो, आणि अडचणीत व्याही उपयोगी पडतो. घरात कोणी हा हिशेब मांडून लग्न ठरवत नाही, पण वर्षानुवर्षांची नोंद तेच सांगते.

चौथी, गावाच्या आधाराची. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांच्या वह्या तपासल्या. एखाद्या घराची कमाई एकदम घटली तरी त्याचं खाणंपिणं तितकं घटत नाही, ते गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतं, असं त्यांना दिसलं. उसनवारी, हातउसने पैसे, भावकी, दुकानदाराची उधारी यातून गाव एकमेकाला धरून ठेवतं. पण भूमिहीनांना हा आधार काही ठिकाणी कमी पडत होता. पुढे २०१२ मध्ये माउरिझ्झिओ मॅझोको आणि शिव सैनी यांनी त्याच गावांचे आकडे पुन्हा तपासले आणि सांगितलं की हा आधार पूर्ण गावाचा नाही, तो जातीच्या आत चालतो. हे वाचायला कडू आहे. पण अडीअडचणीला कोण कोणाच्या दारात जातो, हे ज्याला माहीत आहे त्याला नवं नाही. "गाव सांभाळून घेईल" म्हणून ज्या घराला सोडून दिलं जातं, त्या घराला सांभाळणारंच कोणी नसू शकतं.

पाचवी, रोजगार हमीची. महाराष्ट्रात दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या रोहयोचा कायदा १९७७ मध्ये झाला. औरेपल्लीत तेव्हा तशी हमी नव्हती. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्यावर दिसलं की शिरापूर आणि कंझराच्या भूमिहीन मजुरांची कमाई वर्षावर्षाला औरेपल्लीच्या मजुरांपेक्षा बरीच कमी हेलकावे खात होती. हातात काम मिळायची खात्री असली की वाईट वर्ष तितकं वाईट जात नाही. देशभराचा कायदा २००५ मध्ये झाला, पण त्याचा फायदा काय होतो याचा एक पुरावा आपल्याच दोन जिल्ह्यांच्या वह्यांत आधीच होता.

घर फुटलं की सर्व्हे कुठे जातो?

एकाच घरात तीस वर्षं जायचं म्हटलं की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण म्हणजे घर तेच राहत नाही. सर्व्हेच्या भाषेत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. १९७५ ला एक चूल होती, तीन भाऊ वेगळे निघाले, २००५ ला तीन चुली झाल्या. एक गावात, एक तालुक्याला, एक पुण्याला कंपनीत. आता "ते घर" कुठलं?

गावात उरलेल्या एकाच भावाला विचारलं तर चित्र चुकतं. वडिलोपार्जित रानाचा तिसरा हिस्सा त्याच्याकडे, म्हणून तो गरीब झालेला दिसेल. पुण्याला गेलेला भाऊ पुढे गेला की भाड्याच्या खोलीत अडकला, हे कागदावर येणारच नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकींचं काय झालं, तेही नाही. म्हणून स्टेफन डेरकॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ ते २००६ या काळाचा अभ्यास करताना गाव सोडून गेलेल्यांनाही शोधून काढलं. हे काम खर्चाचं आणि कटकटीचं आहे, म्हणून बहुतेक सर्व्हे ते टाळतात.

दुसरी अडचण, ही गावं म्हणजे देश नव्हे. सहा गावांतली २४० घरं पूर्ण भारताचा आकडा सांगू शकत नाहीत. त्यांचा उपयोग कारण समजायला. किती, हे मोठ्या सर्व्हेतून कळतं. का, हे लांब पल्ल्याच्या वहीतून कळतं. दोन्ही लागतात.

तिसरी अडचण मोजणीतल्या चुकीची. टाउनसेंड यांच्या निष्कर्षावर शुभम चौधरी आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी १९९७ मध्ये बोट ठेवलं. खाण्याचा खर्च ज्या पद्धतीने काढला, त्यामुळे गावाचा आधार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. पण एक लक्षात घ्यायला हवं. मूळ वह्या जपून ठेवल्या होत्या आणि दुसऱ्यांना बघायला दिल्या होत्या, म्हणूनच ही चूक कोणाला काढता आली. वही कपाटात बंद असती तर पहिला निष्कर्षच ब्रह्मवाक्य होऊन बसला असता.

असं काम दुसरीकडेही झालं. उत्तर प्रदेशातल्या पालनपूर गावात १९५७-५८ पासून दर दशकात किमान एकदा गावातली सगळी घरं मोजली गेली. निकोलस स्टर्न आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अभ्यासक तिथे राहिले. देशपातळीवर एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये ४१ हजारांवर घरांना विचारलं आणि २०११-१२ मध्ये त्यातल्या ८३ टक्के घरांना पुन्हा गाठलं. सीएमआयई ही खासगी संस्था २०१४ पासून वर्षातून तीनदा त्याच घरांत जाते. पण तिच्या यादीत सगळ्यात गरीब घरं कमी येतात, असा आक्षेप द्रेझ आणि अन्मोल सोमंची यांनी २०२१ मध्ये घेतला. म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं पुरेसं नाही. सुरुवातीलाच वस्तीच्या टोकाचं घर यादीत यायला हवं.

सरासरीत हरवलेला शेतकरी

हे सगळं आज का महत्त्वाचं? २०१८-१९ च्या सरकारी सर्व्हेत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकाचे ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२ रुपये. म्हणजे शेतकरी म्हणून मोजलेल्या घरातसुद्धा मजुरी पिकापेक्षा पुढे. निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५०.२ टक्के घरं कर्जात होती.

हा आकडा मोलाचा आहे. पण तो एका वर्षाचा आहे. कर्जातली ही ५० टक्के घरं दरवर्षी तीच असतात, की यंदा एक तर पुढच्या वर्षी दुसरं? तीच असतील तर एकदा माफी देऊन ती सुटणार नाहीत, कारण ज्यामुळे कर्ज होतं ते तसंच आहे. दरवर्षी वेगळी असतील तर कर्ज म्हणजे फक्त दोन हंगामांतला पूल आहे, आणि वेळेवर मिळणारं पीककर्ज हेच खरं काम. कर्जमाफी द्यावी की देऊ नये यावर टीव्हीवर तास तास भांडणं होतात, पण या एका प्रश्नाचं उत्तर कोणाच्याच हातात नसतं. कारण त्याच घरांची दहा वर्षांची वही नाही.

चांगली गोष्ट अशी की सरकारी पद्धतही थोडी हलली आहे. रोजगाराच्या सर्व्हेत जानेवारी २०२५ पासून ग्रामीण भागातही निवडलेल्या घरात सलग चार महिने, चार वेळा जातात. त्यामुळे पेरणीला काम होतं आणि महिन्याभराने नव्हतं, एवढं तरी दिसेल. पण चार महिन्यांनी ते घर सुटतं. एक दुष्काळ, एक आजारपण, एक लग्न आणि एक वाटणी, एवढं सगळं बघायला चार महिने पुरत नाहीत.

उत्पन्नाचा सर्व्हे एकदाच करून थांबला, तर तोही एक फोटोच होईल. त्यातली निदान काही हजार घरं ठरवून पुढची दहा-पंधरा वर्षं त्याच घरांत गेलं, फुटलेल्या चुलींच्या मागे गेलं, आणि नावं काढून आकडे सगळ्यांना खुले केले, तर त्याची वही होईल. खर्च दोन्हीला आहे, पण दुसऱ्यातून कारण कळतं.

दारात माणूस आला तर

आता गावाच्या बाजूने. सर्व्हे म्हटलं की सगळे एकाच माळेत ओवले जातात. पण प्रकार दोन आहेत.

एक, योजनेसाठीचा. घरकुलासारख्या योजनेची पाहणी असते, त्यात तुमचं नाव यादीत येणार की जाणार हे ठरतं. दोन, आकडेवारीसाठीचा. खर्च, रोजगार, उत्पन्न यांचे नमुना सर्व्हे या प्रकारात येतात. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार घेतलेली माणसामाणसाची माहिती फक्त आकडेवारीसाठीच वापरायची असते. जनगणनेचंही तसंच. १९४८ च्या कायद्याने तिची नोंद कोणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

म्हणून येणाऱ्याला आधी विचारावं: कुठल्या खात्याचा सर्व्हे, कशासाठी, ओळखपत्र दाखवा. शंका असेल तर ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला चौकशी करावी. ओटीपी, एटीएमचा पिन असं कुठल्याही खऱ्या सर्व्हेला लागत नाही. ते मागणारा सर्व्हेवाला नाही, भामटा आहे.

पण ओळख पटली आणि सर्व्हे आकडेवारीचा असला, तर खरं सांगण्यातच गावाचा फायदा आहे. खत, औषध, डिझेल, मळणी, हमाली, आडत हा खर्च सांगितलाच नाही तर कागदावर शेती नफ्यात दिसते. दवाखान्याचं बिल लपवलं तर आजारपणाने घरं बसतात हे कधीच वर जात नाही. खाजगी देणं सांगितलं नाही तर बँकेचं कर्ज पुरतंय असं दिसतं. नमुना सर्व्हेत एक घर हजारो घरांच्या वतीने बोलत असतं. त्या घराने अंदाजे ठोकलं की हजारो घरांचा हिशेब अंदाजे होतो.

घरात एक वही असली तर हे सोपं जातं. पोरांच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. डाव्या बाजूला गेलेला पैसा, उजव्या बाजूला आलेला, आठवड्याला एकदा. सर्व्हे येवो न येवो, आडत्याशी आणि बँकेशी बोलताना ती कामाला येतेच.

आणि सरकारकडेही एक मागणी रास्त आहे. शिरापूर, कळमण, कंझरा, किनखेड्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला चुलीपर्यंतचा हिशेब सांगितला. त्यातून जगाने शिकून घेतलं. तसं पुन्हा कोणा गावाकडून घ्यायचं असेल, तर निघालेले आकडे मराठीत, समजतील अशा भाषेत ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजेत. ज्या घराने सांगितलं, त्या घराला आपल्या गावाचं काय निघालं ते कळलं, तर पुढच्या वेळी "उत्पन्न किती?" म्हणून कोणी विचारल्यावर तो माणूस शेजाऱ्याकडे बघणार नाही. आत जाऊन वही घेऊन येईल.